बैठक पक्की हवी : रायफलीच्या बेडिंगवर वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात लाकडी स्टॉकच्या देखभालीवर लिहिताना ‘जमल्यास ॲक्शन इपॉक्सीत बसवून घ्यावी’ असे एक वाक्य आम्ही जाता जाता टाकले होते. त्या एका वाक्यावर नाशिक आणि आसपासच्या वाचकांनी इतके विचारले, की या वेळचे सगळे सदर त्यालाच दिले आहे. ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: बोल्ट आणि ट्रिगर ज्या पोलादी भागात बसतात आणि बॅरल ज्याला जोडलेली असते ती ॲक्शन. स्टॉकमध्ये, म्हणजे रायफलीच्या लाकडी अंगात, ती जिथे टेकते तिथले थोडे लाकूड काढून, त्या जागी इपॉक्सी भरून, ॲक्शनच्या अंगाबरहुकूम बैठक तयार करायची, याला बेडिंग म्हणतात.

प्रश्न : माझ्या .२२ रायफलीचा ग्रुप उन्हाळ्यात बरा असतो, पावसाळ्यात पसरतो. बेडिंग करून घ्यावे का? (एक वाचक, देवळाली कॅम्प)

ग्रुप म्हणजे एकाच नेमावर झाडलेल्या गोळ्यांचा कागदावरचा पुंजका. बेडिंग करावे लागेलही, पण आधी फुकटात होणाऱ्या तपासण्या उरका. दोन्ही ॲक्शन स्क्रू (ॲक्शन स्टॉकला आवळणारे), साइटचे किंवा स्कोपच्या माउंटचे स्क्रू, काडतुसांचा लॉट आणि बॅरलच्या तोंडाची कड. यांतले एखादे ढिले किंवा बिघडलेले असेल, तर कितीही इपॉक्सी ओतली तरी ग्रुप आवळणार नाही.

लाकूड ओलावा घेते तेव्हा रेषांच्या आडव्या दिशेने फुगते, उभ्या दिशेने जवळजवळ नाही. एप्रिलमध्ये नीट आवळलेला स्क्रू जुलैत आपोआप जास्त आवळला जातो, आणि स्टॉकमधली बॅरलची खाच एका बाजूने आत सरकून बॅरलला टेकते. नोटेएवढ्या जाडीचा कागद घेऊन बॅरल आणि लाकूड यांच्या फटीतून टोकाकडून ॲक्शनकडे सरकवा. जिथे अडेल तिथे लाकूड टेकते आहे. तेवढे घासून काढले की निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

कागद सरळ गेला तर डायल गेज काढा. बोल्ट काढलेली रिकामी रायफल गादी लावलेल्या शिकंज्यात उभी धरा, गेजचा स्टँड बॅरलवर बसवा आणि सुई स्टॉकच्या पुढच्या टोकावर टेकवा. पुढचा स्क्रू हळूहळू पूर्ण ढिला करा, आकडा पाहा, पुन्हा आवळा. मग मागच्या स्क्रूचेही तसेच. सुई ०.०५ मिलिमीटरच्या आत हलली तर बैठक ठीक आहे, तिला हात लावू नका. ०.१ च्या पुढे गेली तर ॲक्शन प्रत्येक वेळी वाकवून बसवली जाते आहे, आणि हवा बदलली की तो वाकही बदलतो. अशा रायफलीला बेडिंगचा खरा उपयोग होतो.

प्रश्न : ॲराल्डाइट, एम-सील, पाच मिनिटांत सुकणारी इपॉक्सी, शिवाय फायबरवाल्यांचे रेझिन. यांतले काय घ्यावे? किती लागते? (एक वाचक, गंगापूर रोड)

पाच मिनिटांची आधी बाजूला ठेवा. मिसळून, भरून, ॲक्शन सरळ बसवून होईपर्यंत ती हातात दगड झालेली असते. घाईत मिसळल्यामुळे आत कच्चे ठिपके राहतात ते वेगळेच. एम-सील नळाच्या गळतीला उत्तम आहे, पण मळलेला गोळा दाबला तरी बारीक खाचांत शिरत नाही, त्यामुळे ॲक्शनचा ठसा धड उमटत नाही. फायबरच्या गाळ्यात मिळणारे पॉलिस्टर रेझिन स्वस्त असते खरे, पण घट्ट होताना ५ ते ८ टक्के आकसते आणि लाकडाला नीट धरतही नाही. बैठकीसाठी याहून वाईट गुण शोधून सापडणार नाहीत.

हवी आहे ती धातूची पूड भरलेली, संथ जमणारी इपॉक्सी पुट्टी. ती आकसते फार थोडी, दाबाखाली चेपत नाही, निदान ४० मिनिटे हाताला वेळ देते आणि उभ्या भिंतीवरून ओघळत नाही. परदेशी गनस्मिथ ॲक्राग्लास, मरीन-टेक्स अशी नावे घेतात. आपल्याकडे त्यासाठी अडून बसायचे कारण नाही. झिजलेले शाफ्ट आणि बेअरिंगची घरे भरायला वापरतात ती डेव्हकॉनची प्लास्टिक स्टील पुट्टी किंवा त्यांचीच ॲल्युमिनियम पुट्टी हेच काम करते. सातपूर-अंबडच्या कुठल्याही कारखान्याच्या मेंटेनन्स खात्यात विचारा, डबा कुठे मिळतो ते सांगतील.

पोलाद की ॲल्युमिनियम, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. आमचे मत सरळ आहे. .२२ ला ॲल्युमिनियम पुरते. ते हलके असते, पटाशीने आणि कानशीने सहज कापले जाते, गंजत नाही. मोठ्या धक्क्याच्या रायफलीत रिकॉइल लगच्या (ॲक्शनखालचा, धक्का स्टॉकला देणारा पोलादी खुंट) मागे पोलादाची घ्या.

मापाचे म्हणाल, तर लगभोवती आणि ॲक्शनच्या मागच्या निमुळत्या शेपटीखाली मिळून साधारण २५ ते ३० घनसेंटिमीटर भरावे लागते. पोलादाच्या पुट्टीची घनता २.३ च्या आसपास असते, म्हणजे ३० घनसेंटिमीटरला सुमारे ७० ग्रॅम. प्लास्टिक स्टील पुट्टीचे प्रमाण वजनाने ९:१ आहे: ६३ ग्रॅम रेझिन, ७ ग्रॅम हार्डनर. आता पाहा, स्वयंपाकघरातला काटा एक ग्रॅमने चुकला, तर हार्डनर १४ टक्क्यांनी चुकला. म्हणून ०.१ ग्रॅम दाखवणारा खिशातला काटा हवा, सराफ बाजारात असतो तसला. डब्यावर घनमानाचे प्रमाणही छापलेले असते आणि ते वजनाच्या प्रमाणापेक्षा पुष्कळ वेगळे असते, कारण रेझिनमध्ये धातू आहे आणि हार्डनरमध्ये नाही. दोन्हींची सरमिसळ केली की माल कधीच जमत नाही. चमच्याने मोजायच्या भानगडीत पडूच नका.

राहिले ॲराल्डाइट. संथ जमणारे स्टँडर्ड वजनाने १००:८०, किंवा घनमानाने समसमान मिसळायचे. गोंद म्हणून ते फार चांगले, पिलर (ॲक्शन स्क्रूभोवती लाकडात बसवायच्या धातूच्या नळ्या) चिकटवायला आम्हीही तेच सुचवू. पण त्यात पूड नसते, ते ओघळते आणि जमल्यावरही किंचित लवचिक राहते. .२२ चा धक्का नाममात्र असल्याने अडीअडचणीला त्यात ॲल्युमिनियमची पूड घालून श्रीखंडाइतके घट्ट करून वापरता येते. रेझिन आणि हार्डनर आधी पूर्ण एकजीव करा, पूड नंतर घाला. उलट केले तर मिश्रण झाले की नाही ते रंगावरून कळत नाही.

प्रश्न : मी टूलरूममध्ये फिटर आहे. आमच्या क्लबच्या लाकडी स्टॉकच्या .२२ रायफलीचे बेडिंग स्वतः करायचे आहे. पूर्ण कृती सांगाल का? (एक वाचक, सातपूर)

आधी कायद्याचे. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे बंदुकीची दुरुस्ती करायलाही परवाना लागतो. हात कितीही बसलेला असो, क्लबची रायफल गाळ्यात आणून उघडू नका. काम परवानाधारक गनस्मिथकडेच द्या आणि त्याच्या दुकानात त्याच्याबरोबर बसा. तुमचे मोजमाप आणि लेथ त्याला उपयोगी पडतील. हात बसवायचा असेल तर २५ मिलिमीटरचा एक फूट पाइप घ्या, खाली ६ मिलिमीटर पट्टीचा तुकडा लग म्हणून वेल्ड करा आणि सागाच्या ओंडक्यात त्याचे बेडिंग करून पाहा. ज्या चुका व्हायच्या त्या सगळ्या इथेच होतील.

गनस्मिथकडे बसून करायची कृती अशी. चेंबर (काडतूस बसते ती जागा) रिकामे आहे याची खात्री करून बोल्ट, मॅगझिन, ट्रिगर आणि साइट काढून घ्यायच्या. लगभोवती आणि शेपटीखाली २ ते ३ मिलिमीटर लाकूड पटाशीने काढायचे, पण सगळे नाही. मूळ लाकडाच्या दोन अरुंद पट्ट्या उंचीच्या खुणा म्हणून राखायच्या. त्या काढल्या की ॲक्शन खाली बसते, मॅगझिन नीट लागत नाही आणि ट्रिगर गार्डशी भांडू लागतो. उघड्या लाकडात ३ मिलिमीटर ड्रिलने तिरकी भोके मारली की इपॉक्सीला मुळे मिळतात. लाकूड तेलकट असेल तर ॲसिटोनचा बोळा काळा यायचा थांबेपर्यंत पुसायचे.

पिलर बसवणार असाल तर हे काम तुमचेच. ॲल्युमिनियमचा दांडा १४ मिलिमीटर बाहेरच्या व्यासाला लेथवर काढा, आतले भोक स्क्रूपेक्षा १ मिलिमीटर मोठे ठेवा, आणि वरचे तोंड ॲक्शनच्या गोलाईप्रमाणे खोलगट करा. स्क्रू पिलरच्या भिंतीला कुठेही लागता कामा नये. लागला तर धक्का लगऐवजी स्क्रू झेलतो, आणि तुमची सगळी बैठक शोभेची ठरते.

रिकॉइल लगच्या पुढच्या बाजूला, दोन्ही कडांना आणि तळाला मास्किंग टेपचे एक-दोन थर द्या. मागच्या बाजूला टेप अजिबात नको, फक्त वॅक्स. लगची मागची बाजूच धक्का देते, ती इपॉक्सीला पूर्ण भिडली पाहिजे. बाकीच्या सगळ्या बाजूंना फट राहिली, तर ॲक्शन घालता-काढताना लग इपॉक्सी खरवडत नाही, आणि तळाशी पडलेला कचरा ॲक्शन उचलून धरत नाही. ही टेप विसरून चारही बाजूंनी घट्ट झालेला लग पुष्कळ ठिकाणी पाहायला मिळतो.

मग चिकणमाती, मुलांच्या खेळण्यातली. ॲक्शनमधले प्रत्येक भोक, पिनचे तोंड, सेफ्टीची खाच, मॅगझिनची चौकट तिने भरून पृष्ठभागाशी सपाट करायची. जिथे इपॉक्सी आत जाऊन वळू शकते, तिथे ती ॲक्शनला कुलूप लावते. ॲक्शन गोल असेल तर आणखी एक पाहा. इपॉक्सी तिच्या निम्म्या उंचीच्या वर चढू देऊ नका, नाहीतर ती दोन्ही बाजूंनी कवळून धरते. बॅरलखाली लगच्या पुढे ३ सेंटिमीटरवर त्याच मातीचा बांध घाला, म्हणजे माल पुढे पळणार नाही.

सुटे होण्यासाठी मेणाचे पॉलिश लावायचे: फायबरवाले साच्याला लावतात ते, किंवा बिनरंगी बूटपॉलिश. पातळ थर, दहा-पंधरा मिनिटे सुकू द्यायचा, कापडाने चमकवायचा, असे तीनदा. राहून जातात त्या जागा दोनच: स्क्रूचे आटे आणि लगच्या मुळाशी असलेला कोपरा. तिथे काडीने लावा. सिलिकॉन स्प्रे मात्र वापरू नका. त्याचे तुषार लाकडावर उडतात, आणि जिथे चिकटायला हवे तिथेच माल सुटतो.

आता इपॉक्सीशिवाय एकदा सगळी जुळणी करून पाहा. बॅरलच्या टोकाकडे टेपचे वेढे देऊन बॅरल खाचेच्या मधोमध आणि हव्या त्या उंचीवर टेकली पाहिजे. इथे काही अडले तर आत्ता दुरुस्त होते, तासाभराने नाही.

मिश्रण: रेझिन तोला, काटा शून्यावर आणा, हार्डनर तोला. चार मिनिटे ढवळा, कडा आणि तळ खरवडत राहा, मग सगळे दुसऱ्या कपात ओता आणि पुन्हा ढवळा. कपाच्या कोपऱ्यात राहिलेले कच्चे रेझिन सुटते ते या दुसऱ्या कपामुळे. मिश्रण कपात ढीग करून ठेवू नका, स्वतःच्या उष्णतेने लवकर जमते. सपाट पत्र्यावर पसरून ठेवलेत तर वेळ वाढतो. आधी लगच्या खाचेत काडीने कोंबून भरा, मग लाकडावर आणि ॲक्शनवर दोन्हीकडे पातळ हात फिरवा, आणि उरलेला माल मध्ये जाड, कडेला पातळ असा लावा. ॲक्शन सावकाश खाली नेली की हवा मधून कडेकडे निघून जाते. धपकन बसवलीत तर बुडबुडे आतच अडकतात.

आणि आता जी चूक सगळ्यांत जास्त होते ती: ॲक्शन स्क्रू आवळून धरून ठेवणे. आवळल्यावर ॲक्शन जशी वाकेल तशी इपॉक्सी जमते, आणि तो वाक कायमचा होतो. ज्या ताणापासून सुटका हवी होती, तोच आपण ओतून पक्का करतो. स्क्रूंच्या जागी बिनडोक्याचे स्टड फक्त वाट दाखवायला घाला, आणि वरून सायकलच्या ट्यूबच्या दोन-अडीच सेंटिमीटर रुंद पट्ट्यांचे वेढे द्या. ॲक्शन जागची हलू नये, एवढाच दाब हवा.

कडेने बाहेर आलेला माल ३-४ तासांनी रबरासारखा होतो. तेव्हा लाकडी पट्टीने कापून घ्या. त्याआधी पुसलात तर पसरतो, नंतर कानस लागते. २५ अंशांना २४ तास थांबा. कपात उरलेल्या मालावर नखाचा ओरखडा उमटत असेल तर ॲक्शन काढू नका. काढल्यावर स्क्रूची भोके मोकळी करा, धारदार कडा उतरवा. काडीच्या गुलाएवढे बुडबुडे सोडून द्या. लगच्या मागच्या भिंतीवर मोठा खड्डा असेल तर पॉलिश पेपरने खरखरीत करून, ॲसिटोनने पुसून, वॅक्स नव्याने लावून पुन्हा भरा. सात दिवस गोळी झाडू नका. उघडे राहिलेले सगळे लाकूड, बॅरलच्या खाचेसकट, पॉलियुरेथेनने बंद करा, नाहीतर पुढच्या जुलैत तेच रडगाणे. स्क्रूंना किती टॉर्क (आवळण्याचा जोर) द्यायचा, तर कंपनीचा आकडा प्रमाण माना. त्यानंतर पहिल्या उत्तरातली डायलची चाचणी पुन्हा करा. तेच तुमचे इन्स्पेक्शन.

प्रश्न : जानेवारीत बेडिंग करून घेतले. तीन दिवस झाले तरी वरचा थर चिकट आहे, आणि हार्डनर जास्त घालून पुन्हा करा असे एकाने सुचवले. तसे करावे का? (एक वाचक, निफाड)

अजिबात नको. इपॉक्सीत रेझिन आणि हार्डनर ठरलेल्या हिशोबाने एकमेकांत गुंततात. जास्तीचा हार्डनर गुंतायला जोडीदार नसल्याने तसाच आत राहतो, आणि माल कायमचा मऊ पडतो. पॉलिस्टरमध्ये दोन थेंब जास्त घातले की लवकर जमते, त्या सवयीतून हा सल्ला आला असावा.

तुमच्याकडे दोनपैकी एक झाले आहे. पहिली शक्यता थंडीची. तापमान १० अंशांनी उतरले की जमायला लागणारा वेळ ढोबळमानाने दुप्पट होतो. २५ अंशांना २४ तास लागत असतील, तर १५ अंशांना दोन दिवस आणि ५ अंशांना चार. द्राक्षबागांतून शेकोट्या पेटतात त्या आठवड्यात निफाडला हे काम काढायचेच कशाला? काढलेच तर थर्मोकोलच्या खोक्यात ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब लावून आत थर्मामीटर ठेवा आणि ३० ते ३५ अंश राखा. एलईडी लावू नका, त्याने उजेड पडेल, ऊब नाही. तुमच्या रायफलीला आत्ताही ही ऊब एक दिवस देऊन पाहा. माल नुसता मागे पडलेला असेल तर कडक होईल.

दुसरी शक्यता: आत कडक आणि वर मेणचट, ओशट थर. थंडीत किंवा दमट हवेत हार्डनरचा काही भाग हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो, त्याचा हा साय येण्याचा प्रकार. कोमट पाणी आणि भांडी घासायच्या हिरव्या स्क्रबरने तो निघून जातो. ॲसिटोनने नुसता पसरतो. वर दुसरा थर द्यायचा असेल तर आधी हा धुतलाच पाहिजे.

ऊब देऊनही नख रुतत असेल, तर प्रमाण किंवा ढवळणे चुकले आहे. सगळे खरवडून काढून नव्याने करण्यावाचून गत्यंतर नाही. वरून चांगला थर देऊन कच्चा माल झाकू नका.

प्रश्न : ॲक्शन इपॉक्सीत अडकली आहे, कशानेच निघत नाही. (एक वाचक, पंचवटी)

स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका, लाकूड फाटेल. ॲक्शन स्क्रू निघालेत का, ते आधी पाहा. नसतील तर ६५ वॅटचे सोल्डरिंग आयर्न स्क्रूच्या डोक्यावर पाच मिनिटे धरा आणि गरम असतानाच फिरवा.

मग थंडी. प्लास्टिकच्या पिशवीत बर्फ आणि मीठ भरून ॲक्शनवर तासभर ठेवा. पोलाद किंचित आकसते, आणि वॅक्सचा थर तेवढ्याने सुटतो. स्टॉक उलटा, गादीवर धरून बॅरलच्या खालच्या बाजूला टोकाकडे रबरी हातोडीने हलके ठोके द्या. बहुतेक वेळा टक असा एक आवाज येतो आणि ॲक्शन सुटते.

नाहीच सुटली तर शेवटी उष्णता. घरच्या हवेत जमलेली इपॉक्सी साधारण ५० ते ६० अंशांच्या पुढे मऊ पडू लागते. हीट गनने फक्त पोलाद तापवा, लाकडाला ओल्या फडक्याची ढाल द्या, आणि हात लावता येणार नाही इतके तापले की ओढा. स्टॉकचे पॉलिश थोडे बिघडेल, ते मान्य करूनच हात घाला. तरीही हलत नसेल तर मातीने न भरलेल्या एखाद्या भोकात इपॉक्सीची खुंटी तयार झाली आहे. ती बाहेरून ड्रिलने मारावी लागते, आणि ते काम गनस्मिथचे.

याच कारणाने, मे महिन्यात रायफल उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ठेवू नका. बंद गाडीतले तापमान ६० पर्यंत सहज जाते. आवळलेल्या स्क्रूखाली मऊ पडलेली बैठक चेपते, आणि आपण काडतुसांना नावे ठेवत बसतो.

प्रश्न : शेताच्या राखणीसाठी ३१५ बोअरची परवान्याची रायफल आहे. पुढचे लाकूड हलते. तिचे बेडिंग होते का? (एक शेतकरी वाचक, दिंडोरी)

होते, पण वर सांगितलेल्या पद्धतीने नाही. ईशापूरच्या कारखान्याची ३१५ ली-एनफिल्डच्या वळणाची आहे: पुढचे लाकूड वेगळे, बट (खांद्याला टेकतो तो मागचा भाग) वेगळा. तिच्यात धक्का झेलायला लग नाही. पुढच्या लाकडाच्या मागच्या टोकाशी, आतल्या बाजूला, डावीकडे आणि उजवीकडे दोन लहान तिरके खांदे असतात, ते धक्का घेतात. वर्षानुवर्षे तेल मुरून तिथले लाकूड लोण्यासारखे होते, चेपते, आणि सगळे लाकूड खुळखुळू लागते.

गनस्मिथला एवढेच सांगा: तेल काढण्यासाठी ॲसिटोनमध्ये कालवलेली खडूची पूड लेप देऊन सुकवायची, हे दोन-तीनदा. मग खांद्यांचे कुजके लाकूड ३ मिलिमीटर कापून तिथे पोलादाची पुट्टी. दोन्ही खांदे सारखेच टेकले पाहिजेत. निळी शाई लावून ठसा पाहावा. एकच टेकला तर गोळी बाजूला पडते आणि कधी लाकूड चिरते. पुढच्या लाकडाचे मागचे टोक आणि बटचे लोखंडी खोबण यांत कागदाएवढी फट राहू द्यावी.

आणि बट ढिला वाटला म्हणून त्याचा लांब बोल्ट पुढचे लाकूड जागेवर असताना फिरवू नका. जुन्या ली-एनफिल्ड नंबर १ मध्ये त्या बोल्टचे चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकवलेले असते. बोल्ट फिरला की लाकूड दुभंगते. तुमच्या रायफलीत ती पट्टी असो वा नसो, पुढचे लाकूड आधी उतरवायची शिस्त पाळलेली बरी.

प्रश्न : मुलगी १० मीटर एअर रायफल खेळते. ॲल्युमिनियमच्या स्टॉकलाही बेडिंग करून घ्यावे असे कुणी सांगितले. खर्च करू का? (एक पालक, कॉलेज रोड)

नको. ॲल्युमिनियमचा स्टॉक ओलाव्याने फुगत नाही, त्याची बैठक मशीनवर कापलेली असते. स्क्रू कंपनीच्या टॉर्कला आहेत ना, तेवढे पाहा. ते पैसे पेलेटचे लॉट तपासून घेण्यात आणि सरावात घाला. भीष्मराज बाम यांच्यासारखा माणूस ज्या शहरात नेमबाजांच्या मनाच्या तयारीवर काम करत होता, तिथे गुण इपॉक्सीतून येत नाहीत हे वेगळे सांगायला नको.

प्रश्न : इपॉक्सीचे काम केल्यावर मनगटावर लाल पुरळ येते. पूर्वी येत नव्हते. शिवाय जुन्या डब्यातले रेझिन दाणेदार झाले आहे. फेकून द्यावे का? (एक वाचक, अंबड)

पुरळ गंभीरपणे घ्या. हार्डनरची ॲलर्जी हळूहळू साठत येते, आणि एकदा बसली की सहसा जात नाही. पुढे नुसत्या वासानेही त्रास होऊ शकतो. नायट्राइलचे हातमोजे घाला, पातळ लेटेक्सचे नकोत. हातमोज्यांवर माल लागला की लगेच बदला. कातडीवर लागलेली इपॉक्सी थिनरने कधीही पुसू नका. थिनर ती कातडीत आत नेतो. कोरड्या कागदाने टिपा आणि साबणाने धुवा. अवजारांवरचा ओला माल साध्या व्हिनेगरने निघतो. जमलेला माल घासताना मास्क हवाच. आणि पुरळ आले आहे, तेव्हा पुढच्या कामाआधी त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

दाणेदार रेझिन फेकू नका. थंडीत साखरेचा पाक बसावा तसे शुद्ध रेझिन स्फटिक धरते, तो बिघाड नाही. झाकण सैल करून डबा ५० अंशांच्या पाण्यात उभा करा, रेझिन पुन्हा स्वच्छ होईपर्यंत ठेवा, ढवळा आणि गार झाल्यावर मगच तोला. धातूची पूड भरलेल्या डब्यात पूड तळाला बसलेली असते, ती खालपासून वर कालवून घ्या. हार्डनरचे मात्र तसे नाही. झाकण उघडे राहून वर साय धरलेला हार्डनर बदला. तो स्वस्त पडतो, रायफलीचा स्टॉक नाही.